गीझरचा काटा कुठे ठेवाल?

दिवाळी आटोपली की आमच्या यवतमाळला थंडी कशी दबक्या पावलांनी येते. दुपारी अंगणात वाळवण घालताना पाठ भाजते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नळाचं पाणी हाताला अक्षरशः चावतं. मग घराघरांतून एकच हाक ऐकू येते, "अगं, गीझर लावला का?" आणि थोड्या वेळानं दुसरी, "अगं, बंद केला का?"

या दोन हाका रोज आपल्यालाच मारल्या जातात, हे तुमच्या लक्षात आलंय का? गीझर घरातल्या सहा माणसांचा, पण तो लावायचा आणि बंद करायचा ध्यास एकट्या बाईला. कुकरच्या शिट्ट्या, उतू जाणारं दूध, पाण्याची मोटर, त्यात हा गीझर. खरं तर "आता पुरे, बंद हो" असं सांगणारा एक पहारेकरी त्या गीझरच्या पोटातच बसवलेला असतो. त्याचं नाव थर्मोस्टॅट. आज त्याच्याचबद्दल बोलू या. कारण गेल्या हिवाळ्यात त्याला घरातून हाकलून देण्याची चूक मी स्वतः केली, आणि ती आम्हाला फार महागात पडता पडता राहिली.

डायरेक्ट करून देतो, ताई

झालं असं. आमचा आठ वर्षांचा जुना गीझर एका सकाळी तापेचना. दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, तारा चाचपल्या आणि म्हणाला, "थर्मोस्टॅट गेला ताई. नवा आणा लागते. नाहीतर डायरेक्ट करून देतो. काही होत नाही, मस्त चालते. फक्त बंद कराची आठवण ठेवजा."

मला शाळेत जायची घाई. महिनाअखेर. नवा भाग आणायला आणखी दोन दिवस, आणि घरात सासूबाईंना तर गरम पाण्याशिवाय चालत नाही. मनात म्हटलं, आठवण ठेवायची तर मी आहेच की! आणि "कर बाबा डायरेक्ट" म्हणून मोकळी झाले.

डायरेक्ट करणं म्हणजे काय, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. थर्मोस्टॅटला वगळून वीज सरळ तापणाऱ्या कॉइलला जोडून द्यायची. म्हणजे बटण चालू असेतो पाणी तापतच राहणार. पन्नास झाले, साठ झाले, नव्वद झाले, तरी त्याला थांब म्हणणारं कुणी नाही.

दहा-बारा दिवस छान गेले. उलट कौतुकच झालं, "आता कसं कडक पाणी निघतं!" मग एका सकाळी नेमका माहेरून फोन आला, गॅसवर भाजी, धाकटीची वेणी, आणि गीझर राहिला चालू. तासाभरानं न्हाणीघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अवं, नळातून वाफ कायची येऊन राहिली?" मी धावले. फुसफुसत, थुंकत पाणी येत होतं आणि सासूबाईंचा हात नळाखाली. मेन स्विच बंद केला, त्यांना बाहेर आणलं. हातावर पालथ्या बाजूनं मोठा फोड आला. पंधरा दिवस मलमपट्टी झाली. त्यांच्या जागी धाकटी असती तर, हा विचार अजूनही मला रात्री झोपू देत नाही.

सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण मी मात्र त्या दिवसापासून या पहारेकऱ्याची नीट ओळख करून घेतली. मी बी.ए.ची, विज्ञानाशी माझा संबंध शाळेपुरता. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीत पिडून पिडून जे समजून घेतलं, ते तुम्हाला सांगते.

हा पहारेकरी काम कसं करतो?

धातू तापला की वाढतो, हे आपण सगळ्याच शिकलो आहोत. पण सगळे धातू सारखे वाढत नाहीत. पितळ जास्त वाढतं, पोलाद कमी. आता पितळेची आणि पोलादाची पट्टी एकमेकींना घट्ट जोडली आणि तापवली तर काय होईल? पितळ लांब व्हायला बघणार, पोलाद त्याला धरून ठेवणार, आणि ती जोडपट्टी पोलादाच्या बाजूला वाकणार. निवाली की पुन्हा सरळ. अशा वाकण्यानं विजेची जोडणी तुटते आणि सरळ होण्यानं पुन्हा जुळते. झाला थर्मोस्टॅट! काही गीझरांत पट्टीऐवजी एक लांब नळी आणि तिच्यात कांडी असते, काहींत द्रव भरलेली बारीक नळी असते. पण तत्त्व एकच. पाणी तापलं की काहीतरी वाढतं आणि त्या वाढण्यानं वीज तुटते.

गंमत म्हणजे खोलीतल्या हवेसाठी विजेवरचा थर्मोस्टॅट काढणारे गृहस्थही मास्तरच होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत असत. तिथल्या कडाक्याच्या थंडीत वर्ग उबदार ठेवण्यासाठी शिपायाला सारखं प्रत्येक वर्गात डोकावून थंडी किती, ऊब किती हे बघावं लागे. शिकवण्यात व्यत्यय! त्यावर तोडगा म्हणून त्यांनी यंत्र बनवलं आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे "सारखं उठून बघावं लागतं" या वैतागातूनच थर्मोस्टॅट जन्मला. आपल्याला हा वैताग काही नवा नाही.

गॅसच्या बटणासारखा नव्हे!

इथे एक मोठा गैरसमज काढून टाकायला हवा. गॅसचं बटण मोठं केलं की आच वाढते आणि भाजी लवकर शिजते. म्हणून आपण गीझरचा काटाही शेवटपर्यंत फिरवतो, पाणी लवकर तापावं म्हणून. पण थर्मोस्टॅट आच वाढवत नाही. तो फक्त थांबायचं कुठे ते ठरवतो. २००० वॉटचा गीझर काटा कुठेही ठेवा, त्याच वेगानं तापणार. काटा ५० वर असेल तर ५० ला थांबेल, ७० वर असेल तर तुम्ही बंद करायला विसरलात की ७० पर्यंत जाईल, एवढंच.

म्हणून घाईत काटा वर नेऊ नका. घाई असेल तर बटण दहा मिनिटं आधी चालू करा.

विसणाचं गणित

माझ्या माहेरी तांब्याचा बंब होता. आजी पहाटे त्यात पऱ्हाट्या आणि गोवऱ्या घालून पेटवायची. गंगाळात आधी गार पाणी, मग बंबातलं कढत, आणि मग हाताचं कोपर बुडवून बघायचं. "विसण हवं अजून," असं म्हणून तांब्याभर गार पाणी ओतायचं. आजीचं कोपर हाच आमचा थर्मोस्टॅट. गीझर आला तरी विसण सुटलेलं नाही, आणि काटा कुठे ठेवायचा हे विसणावरच ठरतं.

समजा, थंडीत नळाचं पाणी २० अंशांचं आहे, आणि अंघोळीला आपल्याला साधारण ४० अंशांचं लागतं. १५ लिटरच्या गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी असेल, तर त्यात १५ लिटर विसण घालता येतं. झाल्या दोन लहान बादल्या, ३० लिटर. तेच पाणी ५० अंशांचं असेल तर विसण साडेसात लिटरच मावतं. एकूण साडेबावीस लिटर, म्हणजे दीड बादली. (प्रत्यक्षात थोडं कमीच पडतं, कारण गरम पाणी बाहेर पडतं तसं मागून गार पाणी आत येत असतं.)

आता विजेचं बघा. १५ लिटर पाणी २० वरून ६० ला न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं, आणि २००० वॉटच्या गीझरला वीस-बावीस मिनिटं. ५० ला न्यायला अर्ध्या युनिटाच्या जरा वर, आणि साधारण पंधरा-सोळा मिनिटं.

आता तुम्ही म्हणाल, मग ५० वर ठेवलं की वीज वाचलीच! वाचते, पण समजून घ्या. अंघोळीच्या बादलीत शेवटी ४० अंशांचंच पाणी येणार असेल, तर त्या बादलीला लागणारी वीज तेवढीच. बचत दुसरीकडे आहे. जितकं पाणी जास्त कढत, तितकी त्याची ऊब गीझरच्या अंगातून बाहेर जास्त निसटते, आणि अंघोळी झाल्यावर टाकीत उरलेलं कढत पाणी तसंच निवून वाया जातं. म्हणून एकामागून एक अंघोळी उरकून घेणं, ही काट्याइतकीच मोठी बचत आहे. आमच्याकडे आता सातच्या आत सगळ्यांनी उरकायचं, असा कायदाच केला आहे. पाळतात किती, ते विचारू नका!

मग काटा नेमका कुठे?

दोन बाजूंनी विचार करायचा.

एक बाजू भाजण्याची. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला पाचेक सेकंदांत खोलवर भाजू शकतं. ५० अंशांच्या पाण्याला तेच करायला काही मिनिटं लागतात. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. आणि म्हाताऱ्या माणसाचा हात मागे घेण्याचा वेगही कमी असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी बाजू साचलेल्या पाण्याची. कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, काही रोगजंतू सुखानं वाढतात, आणि ६० च्या वर ते टिकत नाहीत. म्हणून काटा अगदी खाली, चाळिसावर ठेवणंही बरं नव्हे.

मधला मार्ग असा. रोजच्या वापराला ५० ते ५५. आठवड्यातून एकदा, मुलं शाळेत आणि मोठी माणसं न्हाणीघराबाहेर असताना, ६० पर्यंत तापवून थोडं पाणी सोडून द्यायचं. (ते पाणी वाया घालवू नका. आमच्याकडे निळोणा आणि चापडोह धरणांच्या पाण्यावर गाव जगतं, थेंबाचं मोल आम्हाला विचारा. चादरी भिजवायला ते उत्तम.) घरी पाहुणे आले, दोन बादल्या जास्त लागणार असल्या, की तेवढ्यापुरता काटा ६० वर न्यायचा आणि पाहुणे गेले की आठवणीनं खाली आणायचा.

आणि एक नियम काट्याचा नव्हे, हाताचा. बादलीत नेहमी गार पाणी आधी, गरम नंतर. आजीची हीच रीत होती. रांगतं पोर बादलीत हात घालतंच.

काटा लावायचा कसा?

बऱ्याच गीझरांच्या काट्यावर अंश लिहिलेले नसतात. नुसते आकडे, ठिपके किंवा बारीक होत गेलेला पट्टा. मग कळावं कसं? असं करा.

१. काटा मधोमध ठेवा. गीझर चालू करा आणि तापण्याचा दिवा आपोआप विझेपर्यंत थांबा. दिवा विझला म्हणजे थर्मोस्टॅटनं वीज तोडली.

२. नळ सोडून आधीचं गार पाणी बादलीत जाऊ द्या. मग सावकाश स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घ्या आणि त्यात तापमापक बुडवा. तापाचा थर्मामीटर मात्र घेऊ नका! तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो, काचेचा असेल तर तडकेल. स्वयंपाकाचा किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा चालतो.

३. जास्त निघालं तर काटा किंचित खाली, कमी निघालं तर किंचित वर. एकदम खूप फिरवू नका. पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजा.

४. हवा तो आकडा मिळाला की काट्यासमोर नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवा. पाहुण्यांकरता फिरवलेला काटा परत आणायला तो उपयोगी पडतो.

काही गीझरांचा काटा झाकणाच्या आत, कारखान्यातच बसवून दिलेला असतो. तिथे आपण हात घालायचा नाही. मेन बंद करून जाणत्या वायरमनकडूनच तो बदलून घ्यायचा.

नवा घेताना काय बघाल?

दुकानात गेलं की रंग आणि आकार दाखवतात. आपण हे विचारायचं.

आयएसआय चिन्ह आहे का? साठवणीच्या गीझरांसाठी आयएस २०८२ हे मानक आहे. ताऱ्यांचं लेबल किती ताऱ्यांचं? जास्त तारे म्हणजे साठवलेल्या पाण्याची ऊब कमी निसटते. काटा बाहेरून फिरवता येतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, थर्मोस्टॅटशिवाय दुसरा पहारेकरी, म्हणजे कटआउट आहे का? थर्मोस्टॅट अडकला तर हा कटआउट वीज तोडतो. तिसरा पहारेकरी दाब सोडणारा व्हॉल्व्ह. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं तर पेलाभर जास्त जागा मागतं. तेवढंच पाणी त्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं. कितीतरी घरांत "गळतंय" म्हणून त्याचं तोंड बंद केलेलं मी पाहिलं. मैत्रिणींनो, असं कधीही करू नका. ते गळणं म्हणजे कुकरची शिट्टी आहे. कुकरची शिट्टी आपण कधी बुजवतो का?

जागा कमी आणि फक्त भांडी घासायला गरम पाणी हवं असेल, तर ३ लिटरचा, ३००० वॉटचा लहान गीझर पुरतो. पण त्यावर अंघोळीचा भरवसा ठेवू नका. थंडीत २० अंश वाढवून तो मिनिटाला दोन लिटरच्या आसपास पाणी देतो. एक लहान बादली भरायला सात मिनिटं!

जोडणी साध्या पिनेवर नको. १६ अँपिअरचा सॉकेट, पक्की अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच घरात हवाच. आणि बादलीत सोडायच्या साध्या रॉडला बहुधा थर्मोस्टॅट नसतोच. रॉड चालू असताना पाण्याला हात लावायचा नाही, मुलांना आसपास फिरकू द्यायचं नाही, बटण बंद करून पिन काढल्यावरच बादली उचलायची.

आणखी एक. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर पांढऱ्या पुटासारखे बसतात. चहाच्या जुन्या भांड्याला बसतात तसेच. मग पाहारेकऱ्याला पाण्याची खरी खबर लागत नाही. गीझर तापताना कुरकुर, कडकड आवाज करू लागला, की समजा पुट जाड झालं. वर्षा-दोन वर्षांतून एकदा, हिवाळ्याआधी, आतून साफ करून घ्या.

ही लक्षणं ओळखून ठेवा

तापण्याचा दिवा पाऊण तास झाला तरी विझत नाही. पाणी आधीपेक्षा अचानक जास्त कढत येतं. नळातून वाफ किंवा फुसफुस येते. गीझरच्या पोटातून उकळल्याचा आवाज येतो. यातलं एक जरी दिसलं तरी मेन स्विच बंद करा, सगळ्यांना न्हाणीघरातून बाहेर काढा, आणि गीझर पूर्ण निवेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका. मग थर्मोस्टॅट बदलून घ्या. त्याच अँपिअरचा, त्याच लांबीचा, कटआउटसकट. नव्या गीझरच्या मानानं तो फार थोडक्यात येतो. आणि "डायरेक्ट" हा शब्द ऐकला की दुरुस्तीवाल्याला चहा पाजून परत पाठवा!

भाजलंच, तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. हळद नको, टूथपेस्ट नको, बर्फ नको. फोड फोडू नका, आणि डॉक्टरांना दाखवा.

लेकीकडे परदेशी जाणार असाल तर

आता बऱ्याच जणींना लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणासाठी थंड देशात जावं लागतं. तिथे अख्खं घरच गीझरसारखं तापवतात. आमच्या नणंदबाई इंग्लंडला असतात. एका थंडीत सासूबाई त्यांच्याकडे गेल्या होत्या. थंडी वाजली की भिंतीवरची चकती २८ वर न्यायच्या, अर्ध्या तासानं गुदमरल्या की खिडकी उघडायच्या! नणंदबाईंना बिल आलं तेव्हा उलगडा झाला.

तिथेही नियम तोच. चकती वर नेली म्हणून घर लवकर तापत नाही. १८ ते २१ अंशांवर ती ठेवायची आणि अंगावर स्वेटर घालायचा. अमेरिकेत आकडे फॅरनहाइटमध्ये असतात, तिथलं ६८ म्हणजे आपलं २०. खोल्यांतल्या रेडिएटरच्या बटणांवर १ ते ५ आकडे असतात, ते अंश नव्हेत. बैठकीच्या खोलीत ३ च्या आसपास, न वापरत्या खोलीत कमी ठेवायचं. भिंतीवरच्या चकतीजवळ दिवा, टीव्ही, ऊन किंवा दाराची झुळूक नको, नाहीतर ती फसते. नातवंडाच्या खोलीला तिथे १६ ते २० अंश पुरे सांगतात. आपल्याला ते थंड वाटतं आणि आपण बाळाला गुंडाळत सुटतो. पण तान्ह्याला जास्त ऊबही घातक. मानेमागे हात लावून बघायचं, घाम असेल तर एक पांघरूण कमी.

उन्हाळ्यात आपल्याकडे हेच उलटं होतं. पारा ४५ च्या घरात गेला की एसी १८ वर! तिथेही १८ केल्यानं खोली लवकर गार होत नाही. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीचा आकडा चालू करताना आपोआप २४ वर येतो, असा सरकारी नियमच झाला. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबानं एकेक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. २४ ते २६ आणि वर हळू पंखा, हा आमचा उन्हाळ्याचा काटा.

जाता जाता मनातलं सांगते. त्या दुरुस्तीवाल्या मुलानं "फक्त आठवण ठेवजा" म्हटलं, तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही. कारण आठवण ठेवणं हे आपलंच काम, असं आपण धरूनच चालतो. पण बाईची आठवण म्हणजे काही कधीच न तुटणारी तार नव्हे. तिलाही फोन येतो, तिचंही दूध उतू जातं, तिलाही कधी बरं नसतं. जे काम काही रुपयांचा एक तुकडा बिनचूक करतो, त्यासाठी घरातल्या माणसाचा जीव एका बाईच्या आठवणीवर टांगू नये.

आमच्या नव्या थर्मोस्टॅटसमोर आता लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. सासूबाई रोज अंघोळीआधी तो बघतात, मग कोपर बुडवतात आणि म्हणतात, "आन थोडं इसण." मी तांब्याभर गार पाणी ओतते. पहारेकरी दोन असलेले बरे.

या आठवड्यात तुमच्या गीझरचा दिवा आपोआप विझतो का, एवढं बघून मला जरूर लिहा. पुढच्या अंकात फ्रिजच्या बटणाबद्दल. तिथले आकडेही अंश नसतात बरं का!